चार दाण्यांचा नैवेद्य

दत्तजयंतीच्या आधीचा शनिवार. नोएडातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात दहा हजार रुपये आगाऊ भरले. हजर होतो मी, माझी पत्नी स्मिता, आणि ज्याच्यासाठी ते भरले तो आमचा कुत्रा मफिन. पुढच्या शनिवारी त्याला भूल देऊन पोटात दुर्बीण घालायची आणि आतड्याचा कण तपासायला काढायचा, असं ठरलं होतं. वर्षभरात त्याचं वजन बावीस किलोंवरून सोळावर आलं होतं. एवढ्या अशक्त जनावराला भूल कितपत सोसेल याची हमी देता येत नाही, हे डॉक्टरबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं आणि संमतीचा कागद पुढे केला. मी सारी नोकरी लेखा विभागात काढली आहे. न वाचता सही कधी केली नाही. तो कागदही दोनदा वाचला, पण त्यातलं काही डोक्यात शिरलं नाही.

मफिन हे नाव आमच्या रेवाने ठेवलेलं. लक्ष्मीबाई नगरात आमच्या क्वार्टरसमोर उभ्या असलेल्या गाडीखालून तिने हे पिल्लू उचलून आणलं आणि दोन वर्षांनी स्वतः शिकायला पुण्याला निघून गेली. माझ्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, ते नाव पसंत नव्हतं. खायच्या वस्तूचं नाव जिवंत प्राण्याला कसलं देता, असं म्हणून त्यांनी त्याचा महिपत केला. तो दोन्ही नावांना शेपटी हलवतो. रेवाचा रोज संध्याकाळी फोन येतो. त्या दिवसांत तिचा पहिला प्रश्न "बाबा, कसे आहात?" असा नसे, "मफिनची शी कशी होती?" असा असे, आणि मला उत्तर द्यायची लाज वाटेनाशी झाली होती.

दीड वर्षापासून हे चाललं होतं. कधी पातळ, कधी आव, कधी रक्ताची बारीक रेघ. पोटातली गुरगुर शेजारच्या खोलीत ऐकू येई. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. आम्ही कोंबडीचं तयार खाणं बंद केलं, दही-भात दिला, मुगाची खिचडी दिली. कॉलनीत ज्याने जो उपाय सांगितला तो केला. शेवटी नोएडाच्या या तरुण डॉक्टरबाईंनी सांगितलं की खाण्यातलं काहीतरी त्याला सोसत नाही, आणि ते शोधायचं तर आठ आठवडे सोयाबीनचे औषधी दाणे द्यायचे, बाकी काही म्हणजे काही नाही, बिस्किटाचा चुरासुद्धा नाही. मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दाणे तोलून घालू लागलो. कामवाल्या बाईंना ताकीद दिली, शेजाऱ्यांच्या मुलांना हात जोडले. दर भेटीत डॉक्टर विचारत, "और कुछ तो नहीं दिया, अंकल?" आणि मी छातीवर हात ठेवून सांगे, "कुछ भी नहीं." सहा आठवडे उलटले तरी काडीचा फरक नव्हता. म्हणून ती दुर्बीण.

इथे आप्पांविषयी थोडं सांगायला हवं. आप्पा चौऱ्याऐंशीचे आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. चालणं-बोलणं सुधारलं, उजवा हात मात्र मागे राहिला. त्याची मूठ वळलेलीच असते. व्यायाम करून घेणारा तरुण यायचा, एकेक बोट सोडवायचा, आणि तो जिना उतरेपर्यंत मूठ पुन्हा मिटलेली असायची. पण सकाळी दत्ताची पूजा झाली की महिपत देवघरापुढे येऊन बसे. आप्पांनी नैवेद्य दाखवलेला असे, रोज पेढ्याचा तुकडा आणि गुरुवारी रव्याचा शिरा. प्रसाद डाव्या हाताने द्यायचा नाही, म्हणून आप्पा उजवाच हात पुढे करत. ती मूठ थरथरत, अगदी सावकाश उघडे, आणि एरवी दाराची घंटा वाजली तरी घर डोक्यावर घेणारा हा प्राणी तेवढा वेळ जराही हलत नसे. दिवसातून तेवढ्या एका वेळी तो हात पुरता उघडायचा. आपल्याकडचा फिजिओथेरपिस्ट फुकट आहे आणि चार पायांचा आहे, असं स्मिता म्हणायची.

त्या शनिवारी नोएडाहून परतताना यमुनेच्या पुलावर इतकं धुरकं होतं की पुढच्या गाडीचे फक्त लाल दिवे दिसत होते. मागच्या सीटवर मफिन स्मिताच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. मी मागणारा भक्त नाही. पूजा आप्पांची, मी फुलं आणून देणारा. दीड वर्ष मी जे करता येईल ते सगळं केलं होतं, आणि ते सगळं करून झाल्यावर हातात काहीच नव्हतं. मनात एवढंच आलं, की महाराज, माझ्याने आता होत नाही, तुम्हीच बघा. मोठ्याने बोललो नाही. पूल संपला, नेहमीसारखी गर्दी लागली आणि मी गिअर बदलण्यात गुंतलो.

दत्तजयंतीला कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका सभागृहात दरवर्षी इथली मराठी मंडळी जमतात. आप्पांना त्या हवेत बाहेर काढायची सोय नव्हती, आणि दरवर्षी जाणाऱ्या स्मिताला शाळेत परीक्षेची ड्यूटी लागली. म्हणून ऑफिस सुटल्यावर मी गेलो. निघताना आप्पांनी बजावलं होतं, "प्रसाद दोन आण. एक महिपतचा." पाळणा झाला, आरती झाली, सुंठवडा वाटला आणि नंतर कागदी वाट्यांतून शिरा देऊ लागले. एरवी बायकांची आणि पुरुषांची रांग वेगळी असते, पण त्या दिवशी टेबल एकच होतं आणि रांगाही मिसळल्या होत्या. माझ्या पुढे साठीच्या एक बाई होत्या, खादीची साडी, खांद्यावर शाल. त्यांनी वाटी घेतली, कपाळाला लावली, डोळे मिटले, आणि मग वळून ती माझ्यापुढे धरली.

"हे तुम्ही घ्या न, भाऊ. मला गहू सोसत नाही." बोलण्यात वऱ्हाडी हेल होता.

मला ते बरं वाटलं नाही. प्रसादाला नाही म्हणू नये हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. मी म्हणालो की निदान एक कण तरी तोंडात टाका, प्रसादाने काही होत नाही.

त्या हसल्या. अशी विनवणी त्यांनी पुष्कळदा ऐकली असावी. "एका कणानेच मी चार दिवस आडवी होते. भाव देवाला कळतो, भाऊ. पोटाला नाही कळत तो प्रसाद आहे म्हणून."

एवढं बोलून त्या चपला शोधायला गेल्या. मी तिथेच उभा राहिलो. एक वाटी त्यांची, एक माझी, आणि वाढणाऱ्याकडून मागून घेतलेली तिसरी, महिपतची. मागचा माणूस म्हणाला, "चलो साहेब, पुढे व्हा," तेव्हा भानावर आलो.

दुधाचा पेढा आणि गव्हाचा रवा. सहा आठवडे रोज, माझ्या डोळ्यांदेखत. डॉक्टरांनी दर वेळी विचारलं होतं आणि मी दर वेळी नाही म्हणालो होतो. खोटं बोललो असं नाही. प्रसाद हे खाणं आहे असं आमच्यापैकी कुणाच्या मनात एकदाही आलं नाही. उपवासालासुद्धा तीर्थ-प्रसाद चालतो; त्याने उपवास मोडत नाही. जे माणसाच्या उपवासात धरायचं नाही, ते कुत्र्याच्या पथ्यात धरायचं हे सुचणार कसं? त्या बाई कोण होत्या ते मी नंतर मंडळातल्या दोघांना विचारलं. कुणाकडे तरी पाहुण्या आल्या असतील, असं ते म्हणाले. त्यापुढे मी शोध घेतला नाही.

घरी येऊन स्मिताला सांगितलं तेव्हा ती कणीक मळता मळता थांबली. हाताची कणीक परातीत झटकली आणि म्हणाली, "आप्पांना तुम्ही सांगा. मी सांगितलं तर सुनेने प्रसाद बंद केला असं होईल." तिचं बरोबर होतं. पण मला तरी ते कसं सांगायचं हे कुठे सुचत होतं? कुत्र्याचा जीव वाचवायचा तर आप्पांचा हात दिवसातून एकदा उघडतो तेवढंही थांबणार होतं. आप्पा रजई पांघरून बसले होते, पायाशी महिपत. मी सरळ मुद्द्यावर न येता त्या बाईंची हकिगत सांगितली, त्या जे बोलल्या तेही जसंच्या तसं सांगितलं. पुढचं मला बोलावं लागलं नाही. आप्पा शिक्षक होते. अर्ध्या वाक्यात त्यांना समजतं. त्यांनी वाकून महिपतच्या पाठीवर डावा हात ठेवला.

"म्हणजे याला मी आजारी पाडलं."

मी म्हणालो, सगळ्यांनीच. त्यांनी मान हलवली, पण माझं म्हणणं पटून हलवली असं वाटलं नाही. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. मी डॉक्टरांना फोन करून दुर्बिणीची तपासणी पुढे ढकलायची विनंती केली. कारण सांगायचा धीर झाला नाही. एक चूक सापडली आहे, एवढंच म्हणालो. त्या नाखुशीने म्हणाल्या, दोन हफ्ते, वजन आणखी उतरलं तर थांबणार नाही.

सकाळी पूजा झाली. महिपत सवयीने येऊन बसला. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दारात उभे, काय होतंय ते बघत. आप्पांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "त्या दाण्यांत काय काय असतं?"

मी पिशवी आणून वाचून दाखवलं. सोयाबीन, तांदूळ, नारळाचं तेल.

"नारळ आहे ना? मग झालं." त्यांनी डाव्या हाताने चांदीची वाटी पुढे सरकवली. "चार दाणे घाल यात."

स्मिता हळूच म्हणाली, "आप्पा, कुत्र्याचं खाणं देवाला?"

"त्याच्या पायाशी चार कुत्री आहेत, सूनबाई. तो काय त्यांच्यासमोर एकटा पेढे खात असेल?"

पाण्याचं मंडल झालं, तुळशीचं पान ठेवलं, आणि दत्तमहाराजांना औषधी दाण्यांचा नैवेद्य दाखवला गेला. मग उजवा हात पुढे आला. त्या दिवशी मूठ उघडायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, आणि उघडल्यावर तळव्यात ते चार दाणे होते. महिपतने ते एकेक करून उचलले आणि रोजच्यासारखा तळवा चाटून स्वच्छ केला. त्याला पेढ्याची आठवण आली असेल तर त्याने तसं दाखवलं नाही. स्मिता ओटा पुसायला वळली आणि बराच वेळ पुसत राहिली.

दुसरा आठवडा सरत आला तेव्हा एका सकाळी कॉलनीच्या हिरवळीवर, धुक्यात, मी पिशवी हातात घेऊन वाकलो आणि तसाच राहिलो. घट्ट होतं. दीड वर्षात पहिल्यांदा. मी त्या पिशवीसकट हात जोडले. समोरून फिरायला आलेले वरच्या मजल्यावरचे गृहस्थ दचकून म्हणाले, "सब ठीक, भाईसाहब?" मी म्हणालो, "बिल्कुल ठीक." याहून खरं उत्तर मी त्या सगळ्या दीड वर्षात कुणाला दिलं नव्हतं. रेवाला फोन लावला तर ती आधी ओरडली, मग रडली, आणि मग तिने फोटो मागितला.

नोएडाला गेलो तेव्हा वजन सव्वासतरा भरलं. डॉक्टरबाईंनी विचारलं की ती चूक कोणती. मी सांगितलं.

"प्रसाद? अंकल, आपने कभी बताया ही नहीं."

"आपने खाने का पूछा था, मॅडम."

त्या खुर्चीत मागे टेकून हसल्या. म्हणाल्या, माझी आई रोज आमच्या मांजरीला चरणामृत देते, आज घरी जाऊन बघते. दुर्बीण रद्द झाली.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल की यात देवाचं काय. एक बाई रांगेत भेटल्या, सहज बोलल्या, तुमच्या डोक्यात प्रकाश पडला. मला वाद घालायचा नाही. मला एवढंच माहीत आहे की पुलावर मी हात टेकले आणि चार दिवसांनी, जिथे मी एरवी जात नाही तिथे, एका अनोळखी बाईने आपल्या वाटणीचा प्रसाद माझ्या हातात दिला. मी दाणे तोलत होतो, दारं-खिडक्या राखत होतो, आणि देवघर तेवढं हिशेबाबाहेर ठेवलं होतं. भक्ती म्हणून ठेवलं होतं, हेही खरं. पण आप्पांनी मात्र जे पथ्य समोर आलं ते तसंच पूजेत घेतलं; कुत्र्याला जे पचतं ते देवाला चालेल, एवढा त्यांचा देवावर भरवसा होता. शरण जाणं म्हणजे मोठं काही असेल असं मला वाटायचं. आमच्या घरी ते वाटीतला पेढा काढून तिथे चार दाणे ठेवण्याएवढं होतं, आणि तेही मला जमलं नसतं.

नव्याने मोजलेले आठ आठवडे पुरे झाल्यावर डॉक्टरांनी एकेक नवा पदार्थ द्यायला परवानगी दिली. पहिला, शिजवलेला तांबडा भोपळा. फेब्रुवारीतलं कोवळं ऊन होतं. आप्पा म्हणाले की नैवेद्याचं सामान आहे, मी स्वतः येणार. कोपऱ्यावरच्या हातगाडीपाशी आम्ही तिघं उभे राहिलो. भाजीवाल्याने भोपळ्याची फोड कापता कापता विचारलं, "भंडारा है क्या, बाबूजी?" आप्पांनी महिपतकडे पाहिलं आणि म्हणाले, "हाँ, छोटा सा."

दवाखान्याने दहा हजार परत केले होते. शेवटी द्यायचे राहिले ते एवढेच: अर्धा किलो भोपळ्याचे वीस रुपये, हातगाडीवाल्याला. हजर होतो आप्पा, मी आणि महिपत. पैसे आप्पांनी दिले. उजव्या हाताने दिले. मूठ उघडेपर्यंत भाजीवाला हात पुढे करून थांबला होता, आणि महिपतही.