बाबांच्या स्कॅनमधलं एकटं चित्र

आमची ताई एमआरआयच्या खोलीत नोकरीला आहे, आणि घरात तिच्या शब्दापुढे कुणाचं काही चालत नाही. मी बाबांना काहीही सांगितलं की ठरलेलं उत्तर, "ताईला विचारलंस?" नुसता जळफळाट होतो माझा!

बाबांच्या मानेतली डावीकडची रक्तवाहिनी बारीक झाली होती. ऑपरेशन करायचं की नाही, ते मेंदूत रक्त किती पोचतंय यावर ठरणार होतं. ताईनेच त्यांना मशीनमध्ये झोपवलं. अर्ध्यावर बाबांनी मदतीला बोलवायचा हातातला रबरी फुगा दाबला. "काढा मला! जीव गुदमरतोय!" ताई धावत आत गेली, त्यांची समजूत घातली आणि उरलेला स्कॅन पुन्हा सुरू केला. बाहेर आल्यावर बाबांनी जाहीर केलं, "मेलो तरी त्या नळीत परत जाणार नाही."

म्हणून ताईने स्कॅनचे आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही तुकडे जोडले. रोजचंच काम तिचं. पण रिपोर्टमध्ये रक्त सगळीकडेच कमी. डॉक्टर म्हणाले, "अशा मेंदूला ऑपरेशनचा फायदा नाही, धोकाच जास्त." दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू या म्हटलं, तर बाबा माझ्यावरच उखडले. "माझ्या लेकीने जोडलाय तो स्कॅन. चुकीचा कसा असेल?"

घरात सगळ्यांची तोंडं उतरलेली. पुढे एका दुपारी बाबांनी पंख्यावरून माझ्याशी असा काही वाद घातला की माझं डोकंच फिरलं. "ताई, डोक्यात रक्त नसलेला माणूस इतकी हुज्जत घालतो का गं?"

मी चिडून बोलले, पण ताई चटकन उठली, पायात चपला अडकवल्या आणि थेट कामावर गेली.

तिथे चूक सापडली. ही चित्रं जोडीने काढतात. एकात रक्तावर मशीनने खूण केलेली, दुसऱ्यात नाही. दोन्हींतला फरक म्हणजे मेंदूत पोचलेलं रक्त. बाबांनी फुगा दाबला तेव्हा एका जोडीतलं फक्त पहिलं चित्र निघालं होतं. उरलेला स्कॅन नव्या जोडीपासून सुरू होतो, म्हणून ते एकटं चित्र काढून टाकायचं असतं. हबकलेल्या ताईने ते तसंच ठेवलं. शर्टाचं एक बटण चुकलं की खालची सगळी चुकतात, तशा पुढच्या साऱ्या जोड्या चुकल्या. त्यांतला फरक उलटा निघाला आणि सगळं एकत्र करताना त्याने आधीचा बरोबर फरकही खाऊन टाकला.

ते चित्र काढल्यावर उजवीकडे रक्त भरपूर दिसलं. कमी होतं ते फक्त डावीकडे. डॉक्टरांनी स्वतः पडताळून पाहिलं. "ऑपरेशन करायचं," ते म्हणाले, "आणि लवकर."

ताई बाबांसमोर बसून रडली. "मीच चुकीचं जोडलं होतं, बाबा." बाबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "होतं गं असं. माणूस आहेस." ऑपरेशनलाही तयार झाले. मला बाई हायसं वाटलं.

मग नवा रिपोर्ट हातात धरून ते माझ्याकडे वळले. "हा कुणी तपासलाय ना नीट?"

त्यांनी मला विचारलं होतं. ताई समोरच बसली होती.