पूजेला बसतं ते हत्यार

जुनं हत्यार हातात आलं की विसू मेस्त आधी ते हुंगायचे. पातं नंतर, धार त्याहून नंतर. रंध्याची मूठ नाकाशी धरून डोळे मिटायचे आणि विकणारा समोर अवघडून उभा राहायचा. मुठीला घामाचा आणि खोबरेलाचा वास आला तरच पुढचं बोलणं. वार्निशाचा आला तर हत्यार जागच्या जागी परत. एकदा किनाऱ्याकडच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात त्यांनी असाच एक चकचकीत रंधा खाली ठेवला आणि मालकाच्या तोंडावर म्हणाले, "हाका न्हाणयलां. अशें घासून न्हाणयतात तें मेल्लेल्याक." मालकाने आम्हाला दार दाखवलं. मेस्त हसतच बाहेर आले.

मी चंदगडकडचा. गोव्यात तुयेच्या औद्योगिक वसाहतीत ओतकामाचे लाकडी साचे बनवायला लागलो होतो. बाजारातून आणलेल्या नव्या रंध्याचं पातं जेवणाच्या सुट्टीआधीच बोथट व्हायचं. साच्यावर ओरखडे उठले की साहेब माझ्याकडे असा बघायचा, जणू ते मी नखांनी काढलेत. कुणीतरी सांगितलं, चांगली जुनी हत्यारं हवीत तर विसू मेस्ताला गाठ. पेडण्यात सुताराला मेस्त म्हणतात. गेलो, तर म्हाताऱ्याने माझं नाव-गाव काही विचारलं नाही. माझे दोन्ही तळवे उलटेपालटे करून पाहिले. मग माझी पिशवी उघडली. "हात बरे आसात," ते म्हणाले, "हत्यारां भिकार."

मी विचारलं, म्हापशाच्या बाजारात बघू का, की डिचोलीच्या? तेव्हा त्यांचं ठरलेलं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. "बाजारांत हत्यार मेळना. मेळटा तें लोखण." भंगारवाला आधी मुठी मोडतो, कारण लाकडाला वजनात किंमत नसते. हत्यार शोधायचं ते घरात, आणि तेही खंडेनवमीला. त्या दिवशी घराघरांत हत्यारं माळ्यावरून उतरतात, धुतली जातात, फुलं वाहून मांडली जातात. मेस्त ओळखीच्या घरी प्रसादाच्या निमित्ताने जायचे आणि पूजेत काय मांडलंय ते बघायचेच, पण त्याहून जास्त बघायचे काय मांडलेलं नाही ते. पूजेतल्या हत्याराची किंमत विचारणं त्यांच्या लेखी पाप होतं. पण जे घरात असून पूजेला बसलं नाही, ते पोरकं. त्याला मागणी घालायची, तीही दसरा उलटल्यावर.

अशाच एका खंडेनवमीला आम्ही लाटंबार्श्यात एका जुन्या सुताराच्या घरी गेलो. सुतार वारून बरीच वर्षं झाली होती, मुलं खाणीवर. पूजेत ट्रकचे पाने होते, जॅक होता, औषध फवारायचा पंपसुद्धा होता. आणि मागच्या पडवीत कोंबड्यांच्या खुराड्यावर वजन म्हणून ठेवला होता एक हातभर लांबीचा रंधा. ह्या लांब रंध्याला गोव्यात गार्लोप म्हणतात. मेस्तांनी त्याला हातही लावला नाही. निघताना मात्र त्यांनी दोनदा मागे वळून पडवीकडे पाहिलं.

पुढचे दोन दिवस त्यांच्या जिवाला घोर होता. हॉटेलं सजवायला जुन्या वस्तू गोळा करणारा एक दलाल त्या भागात फिरत होता आणि गार्लोप त्याच्याही नजरेला पडला होता. दसऱ्यानंतर आम्ही पोचलो, तेव्हा सुताराची बायको म्हणाली की तो माणूस जास्त देतोय. मेस्त म्हणाले, "दितलो. आनी भिंतीर खिळयतलो. तुझ्या घोवान ताका हात लायला, खिळो न्हय."  बाई आत गेली आणि गार्लोप, नवऱ्याचा लाकूड तासायचा वाकस, सहा पटाश्या असं सगळंच पोत्यात भरून घेऊन आली. त्यातल्या दोन पटाश्या मेस्तांनी मला दिल्या, त्या मी माझ्या पिशवीत टाकल्या.

ते दिवस भाषेच्या भांडणाचे होते. कोकणी की मराठी, यावरून रस्त्यांवर झाडं आडवी पडत होती, बसगाड्या थांबत होत्या, सख्खे शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले होते. मेस्तांना कुणी विचारलं, तुमी खंयचे वटेन, तर ते आपली पेटी उघडायचे. "मार्तेल पाखल्यांचो, पटाशी मराठी, रंधो कोकणी. एके पेटयेंत रावतात, झगडनात. तुमकां कितें जालां?" पाखले म्हणजे पोर्तुगीज आणि मार्तेल म्हणजे हातोडा. दोन्हीकडच्या पोरांना हे उत्तर आवडायचं नाही. मेस्तांना त्याची पर्वा नव्हती.

तर पोतं घेऊन आम्ही परत येत होतो आणि एका नाक्यावर पोलिसांनी बस अडवली. शिपायाने पोत्याला काठी लावून विचारलं, कितें आसा? मेस्तांनी ताठ मानेने सांगितलं, "हत्यारां."

 बाजूची बाई पोराला घेऊन उठली. आम्हा दोघांची रवानगी चौकीत.

हवालदार तसा भला माणूस होता. पोतं उघडून तो हसला. पण बसमधून उतरवून आणलंय म्हटल्यावर कागदावर काहीतरी लिहिणं भाग होतं, आणि हत्यारं लिहिलं की प्रकरण वर जाणार. त्याने सरळ लिहिलं, "जुने भंगार", आणि म्हणाला, सह्या करा नि जा. माझी दुपारची पाळी होती. मी सही केली. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही, फक्त बरं वाटलं.

मेस्तांनी अक्षर अक्षर लावून कागद वाचला आणि पेन खाली ठेवलं. हवालदाराने समजूत काढली, बरं, अवजारं लिहू? मेस्त म्हणाले, "आवजारां शेतकाराचीं. पूजेक बसता तें हत्यार. तेंच बरय." बरय म्हणजे लिही. मी त्यांना कानात सांगितलं, मेस्त, एका शब्दाने काय बिघडतंय? त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी एका लॉरीत बसून कामावर गेलो. ते बाकावर बसून राहिले.

पुढचं मला त्यांची मुलगी शालन हिने सांगितलं. चौकीचं दार पावसात फुगलेलं होतं आणि हवालदार येता-जाता ते लाथेने लोटत होता. चार-पाच लाथा मेस्तांनी सहन केल्या. मग उठले, पोत्यातून गार्लोप काढला, त्याच्या पात्याला चौकीच्या पायरीवर धार लावली, दार बिजागरीतून उतरवलं आणि कड रंधायला बसले. कुणी अडवलं नाही. दार परत बसवून त्यांनी ते एका बोटाने लावून दाखवलं आणि म्हणाले, "आतां बरय." हवालदाराने पहिला कागद फाडला आणि नवा लिहिला, "सुताराची हत्यारे, जुनी, कामाची." त्याची एक प्रत मेस्तांनी मागून घेतली आणि शेवटपर्यंत पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवली.

मला ते कधी रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या त्या दोन पटाश्या धार लावून दिल्या आणि एवढंच म्हणाले, "घे तुजें भंगार." तेव्हापासून त्या पटाश्यांचं नाव भंगार पडलं. मेस्त विचारायचे, चंदगडकारा, तुजें भंगार बरें चलता मरे? भंगार हाड पळोवया, म्हणजे आण बघू. मी हसायचो, आणि दर वेळी आत कुठेतरी टोचायचं. त्यांना ते कळत होतं, म्हणूनच ते म्हणत होते.

गोवा राज्य झालं तेव्हा पेडण्याच्या बाजारात फटाके वाजले. मेस्त म्हणाले, "राज्य जालें, बरें जालें. पूण दार फुगतलेंच." त्याच पावसाळ्यात ते गेले. दोन दिवस ताप, बस.

त्या वर्षी खंडेनवमीला मी त्यांच्या घरी गेलो. शालनने सगळी पेटी पाटावर मांडली होती, करवतीपासून कानशीपर्यंत, प्रत्येकावर झेंडूचं फूल. मी सवयीने बघत गेलो आणि थबकलो. गार्लोप नव्हता. तो मागे भिंतीशी उभा होता, त्याच्यावर फूल नव्हतं. मी शालनकडे पाहिलं. "बाबान सांगलेलां," ती म्हणाली, "गार्लोप औंदा पूजेक बसोव नाका. तो चंदगडकार येतलो, पळयतलो आनी समजतलो." मला तिथेच रडू फुटलं. शालनने मला रडू दिलं आणि मग प्रसाद हातावर ठेवला.

दसरा उलटल्यावर गार्लोप घेऊन मी कामावर निघालो. कारखान्याच्या फाटकावर आत नेलेल्या वस्तूंची वही असते. रखवालदाराने पेन काढून विचारलं, काय लिहू, जुनं सामान? मी म्हटलं, हत्यार लिही. तो हसला. म्हणाला, दादा, साहेब बोंबलेल, नसती भानगड कशाला, सामान लिहितो. पाळीचा भोंगा वाजला. माझ्यामागून आलेले सगळे आत गेले. फाटक लागलं की अर्धी पाळी बुडते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी गार्लोप छातीशी धरून उभा राहिलो आणि म्हटलं, मला घाई नाही.

शेवटी त्याने लिहिलं, हत्यार, नग एक.

"थांब," मी म्हटलं आणि पिशवीतून त्या दोन पटाश्या काढून वहीवर ठेवल्या. "नग तीन लिही."