शर्यतीच्या गाडीचं कुळ

आमच्या घरात बैल आणायचा तर आधी त्याचं कुळ निघायचं. आई कुणाच्या दावणीची, वळू कुठल्या गावचा, आजी किती वेत व्यायली. आबा, म्हणजे माझे वडील, घोडेगावच्या बाजारात दुपारभर उन्हात उभे राहून एवढीच चौकशी करायचे आणि मगच खोंडाच्या दाताला हात लावायचे. खाण तशी माती, हे त्यांचं बोलणं आम्ही जेवणाइतकं नेमानं ऐकलं. त्यामुळे माझ्या थोरल्या भावानं, दादानं, नगरच्या लष्करी छावणीतून बदलून चाललेल्या एका साहेबाची दोन माणसांची बुटकी हिरवी गाडी दारात आणून उभी केली, तेव्हा आबांनी रंगाबिंगाचं काही विचारलं नाही. म्हणाले, "इंजिन कुठलं?"

"विलायती आहे आबा. खास शर्यतीसाठी बनवलेलं. आपल्याकडच्या एका गाडीत असलं इंजिन सापडायचं नाही."

आबा "बरं" म्हणाले आणि तंबाखू मळत बसले. दादा मात्र तेवढ्यावर थांबतोय कसला! पारावर, सोसायटीत, न्हाव्याकडे, जिथं चार डोकी दिसतील तिथं ह्याचं शर्यतीचं इंजिन सुरू. गाडी होती हलकी, हे खरं. एकदा चिखलात फसली तर चार गड्यांनी पाळणा उचलावा तशी उचलून बांधावर ठेवली. पण गाडी हलकी म्हणून माणसानंही किती हलकं व्हावं, मी म्हणते! घरच्या बायकांना तर तो बॉनेटला फडकंसुद्धा लावू द्यायचा नाही. आणि मोठा मुलगा, त्यात पुण्याला शिकलेला, त्याला बोलणार कोण.

हे दुष्काळाच्या आदल्या वर्षीचं. त्याच उन्हाळ्यात मी मॅट्रिक झाले. आमच्या आळीतली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. मला मास्तरीण व्हायचं होतं, दुसरं काही नाही. नगरला अध्यापिका विद्यालयात अर्ज केला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं: बाराच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन समक्ष हजर राहावं, न आल्यास जागा पुढच्या मुलीला. आबांना राजी करता करता आईच्या तोंडाला फेस आला होता. ते हो म्हणाले तेही "ह्या वर्षी जमलं तर जमलं" असं.

मी म्हटलं, सकाळच्या एस.टी.नं जाते. दादा उसळला. "एस.टी.नं? घरात गाडी असताना? तासाभरात नगरला विद्यालयाच्या फाटकात उतरवतो तुला."

माझी मेलीची अक्कल गेली होती चरायला. बसले गाडीत. मांडीवर कागदांची पिशवी, डोक्याला घट्ट पदर, आणि बूड रस्त्यापासून वीतभर वर. बैलगाडीची चाकं माझ्या डोक्याच्या वर फिरत होती.

घोडेगावच्या अलीकडे गाडीनं दोन ठसके दिले. दादा म्हणाला, "तापलंय जरा. शर्यतीचं इंजिन आहे, हळू चालवलं की चिडतं." बरोबर जनावरांच्या बाजारासमोर आल्यावर ती मेली. आणि त्या दिवशी बाजार होता! रस्त्याच्या दोन्ही अंगांना म्हशी, खोंडं, शेळ्या, दलाल, आणि त्यातले निम्मे आबांना ओळखणारे. घटकेत गाडीभोवती ही झुंबड. एक म्हातारा दलाल, आबांबरोबर आयुष्यभर चहा प्यालेला, वाकून म्हणाला, "काय रं, आबाचा न्हवं तू? ह्येच का ते शर्यतीचं? दात तरी दाखव की!"

सगळे हसले. दादाचा चेहरा लाल झाला. त्यानं बॉनेट उघडलं, इकडं हात लावला, तिकडं हात लावला, स्टार्टर मारला. इंजिन नुसतं कण्हायचं.

तेवढ्यात नेवाशाकडून नगरला निघालेली एक टॅक्सी थांबली, अँबॅसिडर, आत माणसं कोंबलेली. तिचा ड्रायव्हर उतरून आला, आत डोकावला आणि मोठ्यांदा म्हणाला, "आयला, ह्ये तर आमचंच इंजिन हाय की! ह्येला निस्ता जोडीला दुसरा कार्बुरेटर लावलाय." त्यानं झाकण काढून पाहिलं. "कंडेन्सर गेलाय तुमचा, ठिणगीच पडंना. माझ्याकडं जादा हाय. बसवून देऊ?"

आता ह्यावर शहाण्या माणसानं काय म्हणावं? देवासारखे धावून आलात, बसवा. आमचे दादासाहेब काय म्हणाले? "हात लावू नका! टॅक्सीचा पार्ट ह्याला चालत नाही. इंजिन वेगळं आहे हे."

"अवो, सख्खं भावंड हाय त्ये!"

"वेगळं आहे म्हणून सांगितलं ना!"

दलाल मिशीत हसत होता. मी दादाची बाही ओढली. म्हटलं, "दादा, बसवून तर बघ. नाही चाललं तर काढून टाक. मला बारा वाजायच्या आत पोचायचंय."

"तुला काय कळतं त्यातलं? गप बस."

ड्रायव्हर म्हणाला, ताईंना पुढच्या सीटवर घेतो, नगरला सोडतो. तर तेही नाही. अनोळखी माणसांत बहिणीला कशी पाठवणार, लोक काय म्हणतील! मग ड्रायव्हरनं कपाळावर हात मारला आणि तो अंगठ्याएवढा कंडेन्सर माझ्या हातात ठेवला. "ठेवा ताई. अक्कल आली की बसवायला सांगा." आणि गेला.

त्यानंतर मी काय काय केलं असेल! आधी विनवलं. मग भर बाजारात ओरडले, "तुझ्या गाडीच्या कुळापायी माझं वाटोळं करू नकोस!" दोनचार म्हाताऱ्यांनी "पोरीची जात आन् किती बोलते" म्हणून चुकचुकाट केला. दादा बॉनेटात तोंड घालून उभा. एस.टी. आली ती दाराला लोंबकळणाऱ्या माणसांसकट तशीच पुढं गेली, मी हात करून धावले तरी थांबली नाही. दुसरी टॅक्सी येईना. ऊन डोक्यावर आलं. किल्ली हातात असावी आणि कुलूप कुठलं ते ठाऊक नसावं, तशी मी त्या कंडेन्सरकडे बघत बसले. तो कुठं बसतो हे मला ठाऊक असतं ना, तर दादाला ढकलून मीच बसवला असता.

बारा वाजून गेले. बाजार पांगायला लागला, दलालही आपली म्हैस घेऊन गेला. मग दादा माझ्याजवळ आला, माझ्या मुठीतून कंडेन्सर घेतला, खिशातून छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला आणि बसवला. चाचपडणं नाही, शोधणं नाही. पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं आणि शहाण्या बैलासारखं चालायला लागलं.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

तो समोर बघत म्हणाला, "साहेबानं विकतानाच सांगितलं होतं. पण तिथं, त्या लोकांपुढं... आबांचं नाव गेलं असतं गं. त्यांना मी शब्द दिला होता शर्यतीच्या इंजिनाचा."

नगरला पोचलो तेव्हा विद्यालयाचा शिपाई खुर्च्या आत नेत होता. आतल्या बाईंनी कागद पाहिले, मार्क चांगले आहेत म्हणाल्या, आणि माझी जागा तासाभरापूर्वीच दुसरीला दिल्याचं सांगितलं. मी तिथं रडले नाही. परतीच्या वाटेवर मात्र घर येईस्तोवर रडत होते, आणि गाडी एकदासुद्धा ठसकली नाही.

घरी आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी काही विचारायच्या आत मी सगळं ओकले. आबा, ते विलायती-बिलायती काही नाही, टॅक्सीचं इंजिन आहे, दादाला पहिल्यापासून ठाऊक आहे, तुमचं नाव जाईल म्हणून ह्यानं माझी जागा घालवली! दादा खाली मान घालून उभा. मला वाटलं, आता आबा ह्याला फोडून काढतील, आणि खरं सांगते, मला तेच हवं होतं.

आबांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. "मला ठावं हाय की त्ये. गाडी आली त्याच आठवड्यात टॅक्सीवाल्याला घरी बोलवून दाखवली व्हती, ह्यो पुण्याला गेल्ता तवा. टॅक्सीचं हाय म्हनूनच दारात ऱ्हाऊ दिली. इमानी इंजिन, पार्ट कुठंबी घावत्यात. खरंच विलायती असतं तर दुसऱ्या दिशी परत धाडली असती."

"मग सांगितलं का नाही?" दादा म्हणाला.

"तू चारचौघांत एवढं मिरवत हुतास. म्हनलं, पोराचं मन कशाला मोडा."

दोघंही एकमेकांकडे बघून कसनुसं हसले. हसले! ज्या गुपितापायी मी बाजारात उन्हात उभी राहिले, ते आमच्या घरात कुणापासून गुपित नव्हतंच. पोराचं मन मोडलं नाही, बापाचं नाव गेलं नाही. मी पिशवी छातीशी धरून म्हणाले, "आणि माझं काय?"

"पुढल्या साली बघू," आबा म्हणाले आणि गोठ्याकडे गेले.

पुढल्या साली दुष्काळ पडला, आणि खाणारं एक तोंड कमी व्हावं म्हणून मला उजवून टाकलं.