बहनजींचा सराव पाठ

बहनजी पाठ बघायला वर्गात आल्या की फळ्याजवळ स्टूल ओढून घ्यायच्या आणि तोंड मुलींकडे करून बसायच्या. पाठ घेणारी प्रशिक्षणार्थी मागे काय करते आहे, खडू कसा धरते, पदर कसा सांभाळते, हे बघायला त्या एकदाही वळत नसत. सगळ्या जगातले निरीक्षक शेवटच्या बाकावर बसतात. यांचं आपलं उलट. बी. एड. करताना माझा पहिला सराव पाठ त्यांच्याच शाळेत झाला. सहावीचा वर्ग, पाण्याची वाफ हा विषय. मी अर्धा तास घसा फोडून बोलले, रंगीत तक्ता दाखवला आणि स्वतःवरच खूश होऊन त्यांच्या शेऱ्याची वाट बघत उभी राहिले. त्यांनी जो कागद हातात दिला त्यावर माझ्याबद्दल अक्षरही नव्हतं. 'तिसऱ्या बाकावरची सरोज दोनदा हात वर करून थांबली. खिडकीजवळची मुन्नी पंधरा मिनिटांनंतर वर्गात नव्हती. शबनमला हे सगळं आधीच येत होतं.' मी फुरंगटून विचारलं, "पण माझा पाठ कसा झाला?" त्या म्हणाल्या, "तोच तर लिहिलाय."

इकडे उत्तरेत, बालाजी घाटाच्या वरच्या गल्ल्यांमध्ये, आमची मराठी घरं बरीच. कुणाचे पूर्वज पूजेला आलेले, कुणाचे वेद शिकायला, आणि मग कुणीच परत न गेलेले. या घरांतल्या बायका एकमेकींना काकू, मावशी, वहिनी म्हणतात. बहनजी मात्र सगळ्यांच्या बहनजीच. इकडच्या शाळांतून मास्तरणीला हाक मारायचा हा हिंदी शब्द. पण त्यांच्या सासूबाईसुद्धा सुनेला त्याच नावाने हाक मारायच्या म्हणे. त्यांची मराठीही आमच्या गल्लीसारखीच, निम्मी इकडची. "परेशान नको होऊ" आणि "मला मालूम आहे" ही त्यांची नेहमीची वाक्यं. पुण्याहून आलेला कुणी पाहुणा त्यावर हसला, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमची मराठी तुम्ही जपा, आम्ही आमची वापरतो."

आता गंमत अशी की या बाईंचं स्वतःचं बी. एड. झालेलं नव्हतं. नवरा लवकर गेला, पदरी एक मुलगी, हातात बी. ए.ची पदवी. गल्लीतल्या छोट्या खाजगी शाळेने तेव्हा तेवढ्यावर घेतलं आणि पुढे कुणी विचारलं नाही. त्यांच्या सेवापुस्तकात शेवटपर्यंत 'अप्रशिक्षित' असाच शिक्का राहिला आणि पगारही तसाच. पण शहरातल्या प्रशिक्षण महाविद्यालयांच्या मुली सरावासाठी त्याच शाळेत यायच्या, आणि मुख्याध्यापिका त्यांना डोळे मिटून बहनजींच्या हवाली करायच्या. जिला कुणी शिकवायला शिकवलं नाही, तिच्या हाताखालून तीस वर्षं शिक्षिका तयार होऊन बाहेर पडल्या. "दिव्याखाली अंधार," असं म्हणून त्या स्वतःच हसायच्या. हसायच्या खऱ्या, पण ती गोष्ट त्यांना लागलेली होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

त्यांचा एक नियम होता. आधी वर्गातल्या सगळ्या मुलींची नावं, मग पाठ. "चाळीस नावं येत नसतील तर कुणाला शिकवणार आहेस? भिंतीला?" दुसरा नियम याहून कठीण होता. प्रश्न विचारला की उत्तराची वाट बघायची. आपणच उत्तर देऊन मोकळं व्हायचं नाही, हुशार मुलीकडे वळायचं नाही. मुलगी अडली, चाचरली, खाली बघू लागली, तरी थांबायचं. त्या स्वतः अशा थांबत की बघणाऱ्याचा जीव कासावीस व्हावा. वर्ग चिडीचूप, ती मुलगी घामाघूम, आणि बहनजी आपल्या मजेत उभ्या, जणू बस यायला अजून वेळ आहे. मग ती मुलगी बोलायची. जवळजवळ नेहमीच बोलायची.

मी पुढे अध्यापक महाविद्यालयात लागले, डॉक्टरेट मिळवली, नावामागे चार अक्षरं लावली. चारेक वर्षांपूर्वी आमच्याकडे पदवीधरांसाठी दोन वर्षांचा नवा शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रम आखायचं ठरलं आणि सराव पाठांची सगळी आखणी माझ्या गळ्यात पडली. मी काय केलं असेल? सरळ बहनजींचं घर गाठलं. त्या निवृत्त होऊन घरी होत्या. तो सबंध हिवाळा मी दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे जात होते. त्या चुडा-मटर करायच्या, इकडचा थंडीतला तो पोहे आणि ओल्या मटारांचा प्रकार, आणि वर आपल्याकडच्यासारखं खोबरं घालून दोन्ही प्रांतांना खूश करायच्या. खाणं झालं की जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर योजना लिहायला बसायचं.

योजना सगळी त्यांची. पहिला महिना प्रशिक्षणार्थीने शिकवायचंच नाही. वर्गात बसायचं, नावं शिकायची, मुलांचं बोलणं ऐकायचं. दुसऱ्या महिन्यात एकाच मुलाला शिकवायचं, तेही ज्याला येत नाही त्याला. मग पाच जणांना. मग वर्ग. "एकाला शिकवता आलं तर चाळिसांना येईल. चाळिसांना शिकवणारे मला मालूम आहेत, एकालाही येत नाही." मी लिहून घेत होते. शेवटच्या रविवारी त्यांनी कागद नीट लावून माझ्या हातात दिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शुभा, तुमच्या शाळांच्या यादीत मार्गदर्शक शिक्षिका असतात ना, त्यात माझं नाव घालशील? प्रशिक्षणाच्या कुठल्यातरी कागदावर एकदा नाव यावं, बस."

"बहनजी, तुमच्याशिवाय होणार कसं?" मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं, हे खरं.

अभ्यासक्रम समितीची बैठक आमच्या सभागृहात झाली. योजना सगळ्यांना आवडली. यादी फिरली, तिच्यात पहिलं नाव बहनजींचं होतं. अध्यक्षांनी चष्मा वर करून विचारलं, "ये पहला नाम किनका है? योग्यता में सिर्फ बी. ए.?" मी म्हटलं, जुन्या अध्यापिका आहेत, फार अनुभवी. त्यावर शेजारचे एक प्राध्यापक म्हणाले, "मतलब जिनकी अपनी ट्रेनिंग नहीं हुई, वो ट्रेनिंग देंगी?" सगळे हसले. आणि मीही हसले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, आणि तरी हसले. पेन काढलं, नाव खोडलं, शिवाय खाली एक ओळ माझ्याच अक्षरात लिहिली की मार्गदर्शक शिक्षक प्रशिक्षित असणं अनिवार्य आहे. चहा आला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "वो एक बच्चे वाला विचार बढ़िया है. किसका है?" मी म्हटलं, "समिति का ही है, सर."

दुसऱ्या दिवशी मी टंकलेखनासाठी योजना वाचत होते, तर शेवटच्या पानावर 'विशेष निमंत्रित' असं कलम. त्याला पदवीची अट नव्हती. मीच घातलं होतं ते, गोष्टी सांगणाऱ्या, गाणाऱ्या लोकांना बोलावता यावं म्हणून. एक अर्ज केला असता तर त्यांचं नाव तिथून आत आलं असतं. मी तो केला नाही. कारण विचाराल तर, पुन्हा तो विषय काढला तर पुन्हा हसतील, एवढंच. इतक्या क्षुल्लक गोष्टीला मी भ्याले.

त्यांना काही सांगितलं नाही. घाटावर जायचा माझा रस्ता त्यांच्या दारावरून होता, तो बदलला. भेटल्याच कुठे तर "काम फार आहे हो बहनजी" म्हणून सटकू लागले. त्या "हो हो, परेशान नको होऊ" म्हणायच्या. माहितीपत्रक छापून आलं, ते त्यांच्या शेजारच्या मुलीने आणून त्यांना दाखवलं, हे मला नंतर कळलं.

नव्या तुकडीच्या पहिल्या तासाला मी वर्गात शिरले, मुलं-मुली उभी राहिली. तिसऱ्या बाकाशी, विशीतल्या दोन मुलींच्या मध्ये, पांढरी सुती साडी नेसून बहनजी उभ्या होत्या. प्रवेश परीक्षा दिली, वयाची अट नव्हती, नंबर लागला. मी त्या दिवशी काय शिकवलं ते देवाला ठाऊक. तास संपल्यावर त्यांना गाठून म्हटलं, "बहनजी, हे काय?"

"नियम वाचला," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे तुमचा. कागद पाहिजे तर कागद घेऊ. दोन वर्षांत येईल, मग बोलवा."

तुमचा. बोलवा. महाविद्यालयाच्या फाटकाच्या आत त्या मला अहोजाहो करायच्या, आणि बाहेर गल्लीत भेटल्या की 'शुभा, अगं'. मी सहा वर्षांची असताना जिने माझं नाक पुसलं होतं ती बाई रोज मी आले की गुडघ्यांवर हात टेकून उठायची. मी "बसा, बसा" म्हणायचे, पण उठल्याशिवाय त्या बसल्या नाहीत. इतर मुलं आधीच्या अभ्यासक्रमातल्या विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून पाठांची टाचणं उतरवून काढत. या प्रत्येक टाचण स्वतः लिहीत आणि शिवाय त्या आळशांची तपासून देत. त्यांच्या योजनेचं आम्ही काय केलं होतं, तेही त्यांना आता दिसत होतं. ऐकण्याचा महिना वेळापत्रकात बसेना म्हणून आम्ही दोन दिवसांचा केला होता. ते दोन दिवस मात्र त्यांनी मनापासून केले.

मग त्यांचा सराव पाठ आला. निरीक्षक मी. वीस रकान्यांचा निरीक्षण-तक्ता, तोही माझाच. मी नियमाप्रमाणे शेवटच्या बाकावर बसले. त्यांनी सातवीला अपूर्णांक शिकवायला घेतले. एका मुलीला प्रश्न विचारला आणि थांबल्या. मी घड्याळाकडे बघत होते. 'वेळेचे नियोजन' हा रकाना माझ्या डोळ्यांसमोर होता. ती मुलगी शेवटी बोलली, बरोबर बोलली, पण पाठ पुरा व्हायच्या आत घंटा झाली. शैक्षणिक साधन म्हणून त्यांच्याकडे एक पोळी होती, घरून आणलेली, तिचे तुकडे करून मुलींनी खाऊन टाकले होते. तक्त्यात पोळीला जागा नव्हती. वीसपैकी तेरा गुण बसले. एखादा वाढवला असता, पण सहकारी म्हणतील गल्लीतली म्हणून दिले, या भीतीने हात आवरला, आणि त्याला निःपक्षपातीपणा असं नाव दिलं. त्यांनी तक्ता वाचला, खाली सही केली आणि म्हणाल्या, "मॅडम, तिचा चेहरा उजळला तेव्हा तुम्हाला तिथून फक्त वेणी दिसली असेल." टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं की माझं बघायचं राहून गेलं.

शेवटचं सत्र सुरू होऊन महिनाच झाला होता. घाटाच्या पायऱ्यांवर त्या घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण परीक्षा बुडली. मुलगी नागपूरला न्यायला आली. त्या निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी गेले. खोलीत वह्या बांधून ठेवल्या होत्या, बहनजी खाटेवर पडून होत्या. या वेळी त्यांनी उठायचा प्रयत्न केला नाही, आणि मला त्याचंसुद्धा बरं वाटलं. मी सगळं सांगून टाकलं. नाव खोडल्याचं, अट माझ्या अक्षरात असल्याचं, त्या कलमाचं. हसल्याचं सांगायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. त्या छताकडे बघत ऐकत होत्या.

"मला मालूम होतं," शेवटी त्या म्हणाल्या. "तुमच्या ऑफिसातला मोठा बाबू, बैठकीत टिपणं घ्यायला होता तो. त्याच्या दोन्ही मुली माझ्याच हाताखाली शिकल्या. बैठक झाली त्याच संध्याकाळी तो येऊन सांगून गेला."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून? मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी बोलून काय? तू कधी बोलतेस ते बघत होते." त्यांनी माझा हात थोपटला. "बोललीस ना. झालं आता. चाय घेऊन जा."

रागावल्या असत्या तर फार सोपं गेलं असतं. मी चहा घेतला आणि घरी येऊन त्या 'विशेष निमंत्रित' कलमाखाली अर्ज लिहिला. पुढच्या बैठकीत तो ठेवला. अध्यक्ष तेच होते, ते प्राध्यापकही तेच. पात्रतेच्या रकान्यात तेच 'बी. ए.' होतं. "ये कौन हैं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सर, यह पूरी योजना इन्हीं की है. पिछली बार मैंने झूठ बोला था." कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, सही केली आणि पुढचा विषय घेतला.

नेमणुकीचं पत्र नागपूरला पोचलं, पण बहनजी त्याच्या चार दिवस आधी गेल्या होत्या. त्यांच्या मुलीचा फोन आला. "शुभाताई, इथे लिहिलंय की आईने एक तारखेपासून मार्गदर्शक शिक्षिका म्हणून यावं. याचं आता मी काय करू?" ती पलीकडे थांबली होती, आणि मी फोन धरून तशीच उभी होते. अध्यक्षांच्या त्या सहीला सगळी मिळून दोन मिनिटं लागली होती.