रुमालाखालचं गाणं

त्यानं मला फसवलं. गाणं माझं होतं, ते त्यानं दूध संघाच्या टँकरवाल्याला देऊन टाकलं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मी त्याच्या गळ्याचं कौतुक करायला लागलो तर कुणी मला भोळा समजू नये.

आज हे लिहायला कारण झाली माझ्या पुतण्याची पोरगी. ती पुण्याला असते. पुरुषानं पुरुषाला, बाईनं बाईला जीव लावल्याची पुस्तकं आणते, गाणी ऐकवते. परवा तिनं एक सिनेमा दाखवला. दोन पोक्त पुरुष भर दुपारी दार सताड उघडं टाकून एका ताटात जेवतात. शेजारीण येते, वाटीभर साखर मागते, घेऊन जाते. बस, एवढंच. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला राग आला. एवढं सोपं कसं काय मिळालं ह्या दोघांना?

"आजोबा, तुमच्या वेळेला असलं काहीच नसंल ना?" ती म्हणाली.

होतं. एक गाणं होतं, आणि ह्या सगळ्यांच्या वरचढ होतं.

मी हेडी. जनावरांच्या बाजारात घेणारा आणि विकणारा यांच्यामध्ये उभा राहून सौदा जुळवणारा. बाप दुसऱ्याच्या गोठ्यात राबून मेला. मी परंड्याच्या बाजारात नुसत्या जिभेवर उभा राहिलो. आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबायची. कोणती बोटं, किती, त्यावर आकडा. वर तोंडानं वाटेल ते बोलायचं, बैलाची आय-माय काढायची. खरं ते रुमालाखाली.

दुष्काळात कडबा संपला आणि माणसं दावणीची जनावरं सोडून बाजारात आणायला लागली. तेव्हा तो आला. शेजारच्या गावातल्या बौद्धवाड्यातला, जयंतीला गाणारा, एकच बैल घेऊन. गिऱ्हाईक सौदा माझ्यावर सोडून चहाला गेलं होतं. मी रुमाल टाकला. त्यानं बोट सोडलं नाही. मी दाबलं, त्यानं दाबलं. शेवटी सौदा त्याच्याच आकड्यावर ठरला, आणि तोवर मला कुणी तसं वाकवलं नव्हतं. सौदा झाला तरी हात तिथंच राहिला. मी अंगठा त्याच्या तळव्यात टेकवला.

"हा कुठला भाव म्हणायचा?" त्यानं हळूच विचारलं.

"ह्याला भाव न्हाय," मी म्हणालो.

हे वाक्य माझं. ध्यानात ठेवा.

त्यानंतर दर बाजाराला तो यायचा, जनावराशिवाय. लोक विचारायचे, "शाहीर, बैल कुठाय?" तो म्हणायचा, "बघतोय अजून." हॉटेलात एक चहा घ्यायचो; कपात तो, बशीत मी. माझ्या भावकीत त्यावरून बोंब झाली. कुणाबरोबर चहा पितो यावरून, बरं का. दुसरं काही त्यांच्या डोक्यातही आलं नाही. त्यांच्या अकलेनं आम्हाला वाचवलं.

एके दुपारी किल्ल्याच्या खंदकाकडच्या सावलीत त्यानं ते गाणं म्हटलं. गळा असा, की वरच्या बुरुजावरची पाखरं गप झाली असं मला वाटलं.

बोटं मोजती मोल गुरांचं,
अंगठ्याला मोल न्हाई;
तळव्यामधी गाव वसवलं,
रुमाल उचलू न्हाई.

"हे चारचौघांत म्हणायचं न्हाय," मी म्हणालो.

"मग केलं कशाला?"

"माझ्यासाठी केलंस की. म्या ऐकलं. झालं."

त्याचं तोंड उतरलं. उतरू दे. रुमालाखालचं वर काढायचं नसतं, हा बाजाराचा कायदा मी काही घरी बनवला नव्हता.

पुढं गावोगाव दूध संघ निघाले. संघाचा टँकर यायला लागला आणि त्याच्याबरोबर तामलवाडीचा एक ड्रायव्हर. भांग पाडलेला, केबिनमध्ये टेपरेकॉर्डर लावलेला. माझ्याकडं काय होतं? खांद्यावरचा रुमाल.

दूध केंद्राच्या उद्घाटनाला शाहिराचं गायन ठेवलं होतं. तो उभा राहिला आणि सरळ तेच गाणं लावलं. माझ्या कानशिलातून आग निघाली. गाणं संपल्यावर चेअरमन माईकवर आले. "हेडी लोक रुमालाखाली शेतकऱ्याला कसं बुडवतात, हे शाहिरांनी किती मार्मिक सांगितलं! बंधूंनो, बैल विकू नका, म्हशी पाळा!" टाळ्यांचा कडकडाट. अख्खा मांडव वळून माझ्याकडं बघायला लागला. मागून एकजण म्हणाला, "हेडी, लई झोंबलं का?"

झोंबलं होतंच. पण चेअरमनमुळं नव्हे. मांडवाच्या कडेला गाऊन उतरलेला तो आणि ड्रायव्हर टेकून उभे होते, आणि दोघांच्या हातांवर टॉवेल होता. दोघांकडं विकायला साधी शेळी नव्हती.

मी गेलो. म्हणालो, "गाणं कुणाचं?"

"जो ऐकंल त्याचं," तो म्हणाला.

ड्रायव्हर हसला. "मालक, सौदा फिसकटला काय?" मी त्याची गचांडी धरली. लोकांनी सोडवलं. त्यांना वाटलं, हेड्याला खरं सोसवलं नाही.

ड्रायव्हरनं ते गाणं टेप करून घेतलं. टँकर आला की वेशीतून ते ऐकू यायचं आणि बाया चरव्या घेऊन निघायच्या. सगळ्या भागात माझा अंगठा वाजत होता, आणि वाजवणारा तो ड्रायव्हर होता. पुढं दोघं तामलवाडीला राहायला गेले. त्यांचं दार उघडं असायचं का, मला ठाऊक नाही. मी बघायला गेलो नाही.

हे सगळं मी पोरीला सांगितलं. फाटक्या गळ्यानं गाणं म्हणून दाखवलं. तिनं मोबाईलमध्ये घेतलं. म्हणाली, "आजोबा, हे लोकांनी ऐकायलाच पाहिजे. खाली काय लिहू? कुणासाठी केलेलं?"

मी म्हणालो, थांब.

टँकरवाला वारल्याचं कानावर आलं. शाहीर अजून आहे, तामलवाडीतच. तर हे त्याच्यासाठी लिहितोय. माझं वाक्य उचललंस, माझा अंगठा उचललास, सगळ्या गावांना वाटलंस. आता जबाब दे. ते कुणासाठी केलं होतंस? तोंडानं सांगायला जमत नसंल तर बाजाराला ये, रुमाल माझ्याकडं आहे. पण हात पुढं कर आणि सांग. पोरगी खाली लिहायला थांबलीय.