हिंगाच्या डबीतल्या गोळ्या

आत्या गेली त्याला आता सव्वा महिना होत आला. निरोप घेऊन गावचा माणूस दुपारी पुण्याला आला, दवाखान्याच्या बाकावर पेशंटसारखा बसून राहिला आणि माझ्या पुड्या बांधून झाल्यावर म्हणाला, "आत्याला जरा जास्त हाय. चला." आमच्याकडे माणूस गेला तरी 'जरा जास्त हाय' एवढंच सांगतात. काय समजायचं ते मी समजलो. मुळशीला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. आतेभावानं अग्नी दिला होता, पडवीत मंडळी टेकली होती. त्यातला एक म्हातारा तंबाखू मळता मळता म्हणाला, "माळकरीण बाई, आन् माळंबिगर गेली. कळंना गड्या." दुसरा म्हणाला, "सोडली आसंल मागंच. आपल्याला काय ठावं." मी दिवसभराचा शिणलेला, ती आता नाही याची अजून नीट जाणीवही न झालेला... गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचाच मला आता त्रास होतो.

आई-वडलांमागं मला आत्यानंच वाढवलं. धरणाच्या पाण्यावरच्या उतारावर घर, त्याच्याही वर भाताची खाचरं. तेव्हा ती मासळी खायची, आणि नुसती खायची नाही, पाण्याच्या कडेनं वारा आला की आज कुणाकडं काय शिजतंय ते घरात बसून सांगायची. कुणाचे गुडघे धरले की खेकड्याचा रस्सा आत्याकडूनच करून न्यायचे. "सात दिस प्या, वंगण येतंय सांध्यात," असं ती डॉक्टरच्या थाटात सांगायची. मग मामा, म्हणजे तिचा नवरा, गेला. तो माळकरी होता. जाण्याआधी त्यानं स्वतःच्या गळ्यातली तुळशीची माळ काढून हिच्या हातात दिली. त्या दिवसापासून मासळी बंद. रस्सा शेजाऱ्यांना करून द्यायची तोही बंद. मला एकदा म्हणाली होती, "ही माळ माझ्यासंगं सरणावर जायची बघ. त्यांना दावायची हाय." एवढंच मागणं होतं बाईचं. बाकी कुणाकडं तिनं कधी काही मागितलं नाही, आणि मागितलं असतं तरी आम्ही कुठं दिलं असतं.

चिखलात वाकून जन्म गेलेल्या बायकांचे गुडघे जातात तसे तिचेही गेले. आधी उंबरा ओलांडताना भिंतीला हात लागू लागला, मग जातं सुटलं, मग लावणी. आमच्या खाचरात पहिली मूठ तिच्या हातची पडायची, तो मान सुनेकडं गेला तेव्हा बांधावर बसून तिनं तोंड फिरवून घेतलं. मेथीचे लाडू झाले, डिंकाचे झाले, हळद-दूध झालं, कुणी निरगुडीचा शेक दिला. शेवटी सगळं गाव सांगून थकलं, की अगं, तूच लोकांना पाजलास तो रस्सा आता तू पी. ती म्हणायची, "माळ हाय गळ्यात. इषय सपला."

मी कंपाउंडर. दुनियेला बाटल्या भरून देणारा, आणि घरच्या माणसाला काही देता येईना याची मला चीड यायची. महाराष्ट्र राज्य झालं त्याच साली आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "माशाच्या तेलाच्या गोळ्या देऊन बघ. काहींना बरं वाटतं म्हणतात. गुडघे बरे होतील असं मी सांगणार नाही." मी त्यातलं 'बरं वाटतं' तेवढंच ऐकलं. बाटलीवर माशाचं चित्र होतं. आत्याला अक्षर येत नव्हतं, पण मासा येत होता! मी बाटली भिजत घातली, लेबल नखानं खरवडून काढलं, तरी मन मानेना म्हणून गोळ्या घरातल्या हिंगाच्या रिकाम्या डबीत ओतल्या. वास मारला जाईल हा हिशेब. फार शहाणा होतो मी.

आत्यानं डबी उघडली, नाकाशी नेली. एक पिवळी गोळी तळहातावर घेऊन उजेडाला धरली.

"कशाच्या रं ह्या?"

"झाडपाल्याच्या. तेल हाय आत. न्याहारी झाली की एक घ्यायची."

"हिंगाचा वास येतुया."

"डबी हिंगाची हाय."

"व्हय," ती म्हणाली, "डबी हिंगाची हाय." मग तिनं झाकण लावलं. "तू आणल्यात न्हवं? मंग घेते."

तिनं घेतल्या. त्या पावसाळ्यात ती काठी टेकत खाचरात उतरली आणि पहिली मूठ तिनं लावली. मी बांधावर उभा होतो, छाती फुगवून. पुढच्या साली पण लावली. गोळ्यांनी की आपोआप, कोण सांगणार... डॉक्टर म्हणाले, हे दुखणं असंच चढतं-उतरतं. तिसऱ्या साली परत चढलं, ते काही उतरलं नाही. तरी मी दर खेपेला डबी भरत राहिलो आणि ती घेत राहिली. खोटं बोलल्याचं मला टोचायचं. गेल्या दिवाळीत धीर करून म्हटलं, "आत्या, त्या गोळ्यांचं एक सांगायचं हाय." ती चुलीपाशी होती, मागं न बघता म्हणाली, "नगं सांगू. च्या घे." मी चहा घेतला. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

दहाव्याला सगळे नदीवरून परतल्यावर पारूवहिनींनी मला मागल्या दारी बोलावलं. पारूवहिनी म्हणजे आत्याची सून. न्हाणीच्या दगडाच्या वर, भिंतीतल्या खुंटीला आत्याची माळ लटकत होती.

"भावजी, आत्याबाईंनी शपथ घातली हुती, पर आता न्हाई ऱ्हावत," त्या म्हणाल्या. "पयल्या दिवशीच वळखलं त्यांनी. मला म्हणल्या, पोरगं लेबल खरवडून आलंय, नखात कागद हाय अजून. म्या म्हणलं, मंग टाकून द्या. तर म्हणल्या, इतकी खटपट केली त्यानं, टाकू कशी? दत्ताचं, म्हंजी तुमचं, नाव कुटं काढायचं न्हाई म्हणल्या."

मग त्यांनी मला रोजचं सांगितलं. पहाटे आंघोळ, पूजा, न्याहारी. मग माळ काढून खुंटीला. मग गोळी. आणि गोळी घेतलेल्या अंगानं माळ घालायची नाही म्हणून परत उतारानं खाली धरणाच्या पाण्यावर, परत एक कळशी, परत आंघोळ, मग माळ. सुनेला ती कळशी आणू द्यायची नाही. "माझं पाप हाय, मीच आणीन," म्हणायची. गुडघ्यांसाठी मी गोळी दिली, आणि त्या गोळीपायी तिचे गुडघे रोज ती वाट दुसऱ्यांदा उतरत होते आणि चढत होते. पाच वर्षं.

गेली त्या सकाळी तिनं गोळी घेतली, कळशी आणली, न्हाणीच्या दगडावर ठेवली आणि तिथंच बसली. आंघोळ राहिली. "चार बायांम्होरं खुंटीवरची माळ काढाया माजी हिंमत न्हाई झाली," वहिनी म्हणाल्या. "का काढली हुती म्हणून इचारलं आसतं." त्या रडत होत्या.

आमच्या गावात पेपर दुपारच्या एसटीनं येतो आणि चहाच्या दुकानात एक जण तो मोठ्यानं वाचतो. त्यानं हे जरा सावकाश वाचावं. आत्यानं माळ सोडली नव्हती. मासळी तिच्या तोंडात मी घातली, खोटं बोलून घातली, आणि ती तिनं माझ्यासाठी गिळली. पडवीत जे बोलले त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमची चूक नाही, माझी आहे.

डबी मी पुण्याला आणलीय. अकरा गोळ्या उरल्यात. झाकण काढलं की आधी हिंग येतो, आणि लगेच मागून मासळी... मला बसल्या जागी येतो तो वास, तिला आला नसेल? माळ अजून खुंटीवरच आहे. परवा गेलो होतो तेव्हा न्हाणीच्या दगडावर भरलेली कळशी दिसली. घरात सगळ्यांच्या आंघोळी झाल्या होत्या. मी वहिनींकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, भावजी. त्यांची हाय."