बोडीवरची चहाची चार झाडं

चहाच्या झाडांचे सगळे कोवळे शेंडे खुडून मी शेळीपुढे टाकले आणि शाबासकीची वाट पाहत उभी राहिले. हे आधीच कबूल करून टाकते. कारण आमच्या घरात ही गोष्ट दुसऱ्या कुणी सांगितली, की एका शेळीच्या तीन होतात आणि मी तिप्पट मूर्ख ठरते.

तेव्हा माझं वय सोळा-सतरा. लग्नाला वर्ष झालेलं. अक्कल बहुधा माहेरीच राहिली असावी, कारण सासरी ती कुणाला सापडली नव्हती. चहा मी एकाच दिवशी प्यायले होते. गोंदियाच्या स्टेशनाबाहेर एक माणूस टेबल मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना फुकट चहा पाजायचा, लोकांना चटक लागावी म्हणून. एक कप झाल्यावर मी पदर नाकापर्यंत ओढला आणि दुसरीच कुणी बाई असल्यासारखी पुन्हा रांगेत उभी राहिले. दोन कपांवर मी चहातली जाणकार झाले. घरी येऊन छातीठोकपणे सांगितलं, की चहा हा कुठल्याशा झाडाच्या सालीचा भुगा असतो.

"पानं असतेत ते," सासूबाई म्हणाल्या.

"पान असं काळं राहते का?"

चार दिवस हा वाद चालला. मी हरत नाही म्हटल्यावर त्या वैतागल्या. "चाल, तुले झाडच दाखवतो. पाहून घे अन् तोंड बंद कर."

झाडं होती आमच्याकडच्या प्रतापगडाच्या पायथ्याशी, माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीकडे. या आत्याबाई ऐन तारुण्यात नवऱ्याबरोबर आसामात चहाच्या बागेत मजुरीला गेल्या होत्या. नवरा तिकडेच तापानं गेला. बऱ्याच वर्षांनी त्या एकट्याच परतल्या, हातात पत्र्याचा एक डबा, डब्यात ओली माती आणि मातीत चहाच्या बिया. त्यातली चार झाडं जगली. आमच्याकडे लहान तळ्याला बोडी म्हणतात. तिथल्या बोडीच्या पाळीवर, म्हणजे काठच्या बांधावर, आंब्याच्या सावलीत ती उभी होती.

कुवार, म्हणजे आश्विन महिना होता. हलकं धान कापणीला आलं होतं. पहाटे निघून शेतांच्या धुऱ्याधुऱ्यांनी, बांधाबांधांनी चालत आम्ही दोघी सकाळी पोचलो. वाटेभर माझे प्रश्न: झाड केवढं? फळ लागते का? पानं काळी कधी होतात, झाडावर का खाली पडल्यावर? सासूबाईंनी अर्ध्या वाटेतच उत्तरं देणं सोडून दिलं.

आणि समोर पाहते तर कमरेएवढी चार झुडपं. पांढरी फुलं, मधे पिवळा गोंडा.

"हे? हे तं रानातलं कोणतंबी झाड दिसते."

"रानातलंच होये," आत्याबाई म्हणाल्या. "तिकडे डोंगरावरचे लोक आपल्या अंगणातलं तोडून तव्यावर भाजतेत अन् पितेत. दूध नाही, गूळ नाही. साहेबाचा काळा चा वेगळा, हा हिरवा वेगळा."

मी पान चुरगाळून हुंगलं. चहाचा वास नाही. चावून पाहिलं, तर तोंड कडू. मग वास येतो कुठून? भाजल्यावर. किती भाजायचं? हात सांगते. हाताला कसं कळते? आत्याबाई हसल्या. "हिले आसामात पाठवा वो. मुकादम पळून जाईन."

पण त्या दिवशी त्यांचं लक्ष हसण्यात नव्हतं. पाळ होती मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची. मालगुजार वारल्यापासून कारभार त्यांच्या बायकोकडे, आणि त्या मालगुजारीणबाईंना पाळीवरची ती ओलाव्याची जागा मिरचीसाठी हवी होती. आत्याबाईंनी पुष्कळ विनवल्यावर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, की दुपारी येते, तुझा चा पिते. पिण्यासारखा असला तर झाडं राहतील, नाही तर गडी कुऱ्हाड घेऊन सोबत असेलच.

"तिकडून मी दोनच गोष्टी आणल्या," आत्याबाई सासूबाईंना म्हणाल्या, "खोकला अन् हे. खोकला कोणी मागत नाही."

मग त्या दोघी झोपडीकडे निघाल्या, तवा घासायला आणि शिंदीची चटई धुवायला. जाताना आत्याबाई मला म्हणाल्या, "तू पानं खुडून ठेव. पाह्य, असं दोन बोटांनं..."

"मले पानं तोडणं शिकवता का, आत्याबाई? माहेरी उन्हाळाभर तेंदूपत्ताच तोडतो मी."

माझा तो रुबाब आठवला की आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. पण खरं सांगायचं तर तेंदूत माझा हात धरणारं आमच्या गावात कुणी नव्हतं. तेंदूचं कोवळं लालसर पान बिडीला चालत नाही, वळताना फाटतं. पान हवं मोठं, जून, भोक नसलेलं. मी मन लावून कामाला लागले. चारी झाडांची मोठी पानं निवडून काढली. तोंडं एका बाजूला करून, पळसाच्या वाखानं बांधून पुडे केले. शेंड्याशी ती दोन-दोन कोवळी पानं आणि मधली टोकदार कळी, त्यांचा फार अडथळा होत होता, म्हणून ती सगळी खुडून बांधावरच्या शेळीपुढे टाकली. शेळीनं काय आवडीनं खाल्ली! चहाची पारख तिला माझ्यापेक्षा जास्त होती.

आत्याबाई परत आल्या. पुडे पाहिले. झाडं पाहिली. शेळी पाहिली.

"शेंडे?"

मी शेळीकडे बोट दाखवलं.

"भैताड!" सासूबाई ओरडल्या. "घरी नाही मावली तुही अक्कल म्हणून अठी सांडवायले आणली का मी?"

आत्याबाई खाली बसून एकेका पुड्याची गाठ सोडू लागल्या. एखादा तरी शेंडा राहिलाय का ते त्या पानापानात शोधत होत्या, तेव्हा कुठे मला समजलं की मी काय केलं.

जून पानंच तव्यावर पडली. त्या ती नुसत्या हातानं वरखाली करत, तडतडायला लागली की चटईवर काढून तळव्यानं चोळत, पुन्हा तव्यावर, पुन्हा चटईवर. मला रडू येत होतं, पण नाक लबाड. तिसऱ्या वेळी ओल्या गवताचा वास गेला आणि भाजलेल्या धानासारखा दुसराच वास उठला. मी रडता रडता वाकून हुंगायला गेले, तर सासूबाईंनी कोपर मारलं.

मालगुजारीणबाई आल्या. मागे कुऱ्हाडवाला गडी. वाटीत पिवळसर पाणी ओतलं गेलं. त्यांनी एक घोट घेतला, थांबल्या, दुसरा घेतला.

"वास बरा आहे," त्या म्हणाल्या. "चव कुठं आहे?"

"चव शेंड्यात राहते, बाई. आज शेंडे नाहीत."

"काऊन नाहीत?"

आत्याबाई चुलीकडे वळल्या. आता मीच बोलले, पदराआडून, पण बोलले. "मी शेळीले चारले. मले वाटलं तेंदूसारखं असते."

मालगुजारीणबाई खो-खो हसल्या. गडीही हसला. वाटलं, झालं, वाचलो. पण हसणं संपल्यावर त्यांनी वाटी पालथी ठेवली.

"पोरगी खरं बोलली म्हणून दोन झाडं ठेव. शेंडे फुटले की मले बोलाव, मग पुढचं पाहू. बाकीच्या जागेत माही मिरची लागते. कोणते दोन, ते तूच सांग."

आत्याबाई उठल्या. चारही झाडांना एकेकदा हात लावून आल्या. मग पहिल्याकडे परत गेल्या, तिसऱ्याकडे गेल्या, पुन्हा पहिल्याकडे. शेवटी बोडीकडची दोन त्यांनी दाखवली आणि पाठ फिरवली. कुऱ्हाडीला वेळ लागला नाही. झुडपं ती केवढीशी.

सगळे गेल्यावर आत्याबाईंनी तिघींना भात वाढला. मी तो नुसता चिवडत बसले. डोळ्यांतलं पाणी सरळ ताटात पडत होतं. ताट माझ्याकडे सरकवत त्या म्हणाल्या:

"आसामात पयल्या दिवशी मीबी जूनच पानं तोडले होते. पुडे बांधून मुकादमाच्या पुढ्यात ठेवले. त्यानं दोन दिवस उपाशी ठेवलं मले. मी तं तुले जेवू घालून राहिली न वो? मंग जेव."